हिरवं नाक

१

दादा ऑफिसचं कुलूप काढत होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाहुलीनाट्यगृहाच्या बाईंचा होता. दादाने किल्ली कुलपात तशीच लटकत ठेवली आणि फोन कानाला लावला. मागे जिन्यावर उभ्या असलेल्या काकांना बाईंचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्या बाईंना खरं तर फोनची गरजच नव्हती. घराची खिडकी उघडून बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

"काल दुपारी तुम्ही मला नवी वेबसाइट दाखवलीत. मी डोळे भरून बघितली, जावेला दाखवली, जाऊ जळली. आणि आज सकाळी बघते तर जुनीच! तिकिटांचं बटण गायब, आणि तो जुना विदूषक माझ्याकडे बघून वाकुल्या दाखवतोय. तोही आजारी दिसतोय बिचारा. बारा वाजता मला तिकीटविक्री सुरू करायची आहे हो!"

"बाई, आत्ता लावतो. आत्ता," दादा म्हणाला.

काकांनी तोवर खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, ती वेबसाइट उघडली आणि तिचा फोटो काढून ठेवला. ही त्यांची सवय. लोकांच्या वेबसाइटवरची बटणं दाबून चुका शोधायच्या, हे त्यांचं इथलं काम. निवृत्तीच्या आधी ते इमारतींच्या लिफ्ट तपासत. तिथेही बटणंच दाबायची, फक्त चूक झाली तर माणूस मध्येच अडकायचा. तेव्हापासूनचा नियम, चूक दिसली की आधी फोटो काढायचा, आरडाओरडा मग.

आरडाओरडा जिन्यातूनच सुरू झाला. दादाची धाकटी बहीण धावत वर आली. तिला ऑफिसात सगळे धाकटीच म्हणत. बूटसुद्धा न काढता ती संगणकासमोर बसली. दोन आज्ञा टाकल्या, आणि बाईंची नवी वेबसाइट पुन्हा जागेवर आली. तिकिटांचं बटणही आलं.

"झालं," धाकटी म्हणाली.

"काय झालं?" दादा शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की सगळ्यांना भीती वाटायची. "काल आपण नवी लावली. रात्रीत ती जुनी झाली. कोणी केली? कशी केली? हे कळेपर्यंत काही झालेलं नाही. बाराला तिकिटं सुरू होणार. तोपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर मी हत्ती आणणार. आणि तुझी सांडशी जाईल माळ्यावर."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने काकांकडे पाहिलं.

२

सांडशी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

वेबसाइट बनवणं हे स्वयंपाकासारखं असतं. पानं, चित्रं, कोड हा सगळा कच्चा माल. तो शिजवून, नीट बांधून त्याचा एक डबा करायचा. मग तो डबा उचलून क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या मोठ्या संगणकावर नेऊन ठेवायचा, की जगाला वेबसाइट दिसते. हे बांधणं आणि उचलणं करायला तयार यंत्रणा मिळतात. त्या सगळं करतात, आणि न सांगितलेलंही करतात. ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रामरला अशी एक यंत्रणा फार आवडायची. तिची माहिती वाचायलाच आठवडा जायचा. म्हणून तिला सगळे हत्ती म्हणत आणि त्याला हत्तीवाला.

धाकटीने स्वतःचं छोटंसं साधन लिहिलं. फक्त बांधायचं आणि उचलायचं. तिने नाव ठेवलं सांडशी. "दोन दांडे, एक खिळा, गरम भांडं उचललं की काम संपलं," ती म्हणायची. सांडशी कसली नोंद ठेवत नव्हती की कोणाला प्रश्न विचारत नव्हती. दादाने शब्द दिला होता की बाहुलीवाल्या बाईंची वेबसाइट सुरळीत लागली, तर सांडशी सगळ्या जगाला फुकट वापरायला खुली करू. काल ती लागलीही. त्या आनंदात दादाने सगळ्यांना समोरच्या खानावळीत जेवायला नेलं होतं.

"काका, तुम्ही शोधा," धाकटी म्हणाली. "तुम्हाला सगळं सापडतं."

हे मात्र खरं होतं. काकांच्या टेबलावर पेन पेनाच्या जागी, चष्मा चष्म्याच्या जागी. गेल्या वर्षभरात त्यांची एकही वस्तू हरवली नव्हती. लोक कौतुक करायचे. काका त्यावर काही बोलत नसत.

त्यांनी खुर्ची ओढली. "बैस. काल जेवायला जाताना संगणक बंद केला होतास?"

"नाही." धाकटीने जीभ चावली. "दुपारभर बाईंचे फोन येत होते. हे थोडं मोठं करा, ते थोडं लाल करा. दरवेळी आज्ञा कोण टाकणार? म्हणून मी सांडशीला पहाऱ्यावर बसवलं होतं. पहाऱ्यावर असली की ती डब्याकडे बघत राहते. डबा बदलला, की लगेच उचलून क्लाउडवर. मग दादा म्हणाला चला जेवायला, आणि मी तशीच उठले."

"म्हणजे डबा बदलला म्हणून तिने उचलला?"

"तेच तर! पण डबा बदलायला इथे कोणीतरी असायला हवं ना? आणि अजून एक गंमत सांगू? कच्च्या मालातली सगळी पानं नवीच आहेत. कोणी हात लावलेला नाही. जुना फक्त डबा होता."

"भाजी आजची आणि डबा कालचा?"

"गेल्या आठवड्याचा, काका. म्हणजे नासलेलाच म्हणा."

"तो कितीला वर गेला, कळतं का?"

"क्लाउडवर वेळ लिहून येते. याच संगणकावरून गेलाय." तिने पडद्याकडे बोट दाखवलं आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काका... तेव्हा तर आपण सगळे खानावळीत होतो. सूप येत होतं."

"आणि ऑफिसला?"

"कुलूप," दारातून दादा म्हणाला. "आणि किल्ली माझ्या खिशात."

३

"माझ्यावर संशय असेल ना?" काका जवळ यायच्या आतच हत्तीवाला म्हणाला. तो मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता. हत्तीवाला हे नाव यंत्रणेवरून पडलं की पोटावरून, यावर ऑफिसात दोन मतं होती.

"असायला नको का?" काका म्हणाले. "सांडशीला नावं कोण ठेवतं?"

"मी ठेवतो. तोंडावर ठेवतो. खेळणं आहे म्हणतो. पण काका, मी सूप सोडून गुन्हा करीन असं वाटतं तुम्हाला?"

"सूप सोडून तू उठला होतास. फोन आला म्हणून बाहेर गेलास. मी बघितलं."

हत्तीवाल्याने पाण्याची बाटली उघडली, न पिताच पुन्हा बंद केली.

"बायकोचा फोन होता."

"मग तिथेच बोलायचं. आपल्यापासून काय लपवायचं?"

"लपवायचं होतं."

"आणि हातात लॅपटॉपची पिशवी घेऊन गेलास. बायकोशी बोलायला लॅपटॉप लागतो?"

हत्तीवाल्याने आजूबाजूला बघितलं. दादा खिडकीपाशी होता, धाकटी तोंड पाडून बसली होती. तो काकांच्या कानाशी वाकला. "कोणाला सांगू नका. शपथ घ्या."

"आधी ऐकतो, मग ठरवतो."

"बायकोचा गाण्याचा क्लास आहे. तिची छोटी वेबसाइट मी चालवतो. काल तिला क्लासची वेळ बदलून हवी होती, तिथल्या तिथे. म्हणून बाहेर पायरीवर बसून मी ती बदलली." त्याने घाम पुसला. "सांडशीने."

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कशाने?"

"हळू बोला हो! सांडशीने! घरी मी तीच वापरतो. कोण त्या हत्तीला अंघोळ घालत बसेल रोज? आता एवढी नावं ठेवल्यावर हे कोणत्या तोंडाने सांगू?"

काकांना हसू आवरेना. पण लगेच ते थांबले. सूप येत असताना हत्तीवाला पायरीवर होता. त्याच्या हातात लॅपटॉप होता. लॅपटॉपवर सांडशी होती. आणि ऑफिस समोरच होतं.

"तुझ्या लॅपटॉपवरून बाईंची वेबसाइट बदलता येते?"

"येते," हत्तीवाला म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. "अरे देवा."

४

काकांनी खिशातला मोबाइल काढला आणि सकाळचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"हा विदूषक बघ. काय दिसतं?"

"विदूषक दिसतो."

"नीट बघ. नाक."

हत्तीवाल्याने चष्मा वर केला, खाली केला. "हिरवं आहे. मग? विदूषकाचं नाक असेल हिरवं."

काकांनी दादाला बोलावलं. दादाने पाहिलं. "हिरवं? जुन्या वेबसाइटवर लाल होतं ना? मीच पास केलं होतं. मला आठवतंय, कारण लाल टोमॅटोसारखं लाल हवं की बिटासारखं, यावर मावशीने माझं अर्धा तास डोकं खाल्लं होतं."

मावशी म्हणजे ऑफिसातली चित्रकार. तिच्या बहिणीला नुकतीच मुलगी झाली होती. ती आठवडाभर बहिणीकडे गेली, आणि तेव्हापासून सगळ्यांनी तिचं नाव मावशी ठेवलं. काल संध्याकाळी ती बसमधून उतरून पिशवीसकट थेट खानावळीत आली होती. आज प्रवासाच्या थकव्याने उशिरा येणार होती.

"बघा!" दादा म्हणाला. "कोणी तरी जुना डबा नुसता परत ठेवलेला नाही. जुन्या डब्यात खोडी करून ठेवला. म्हणजे मुद्दाम. मी म्हणतच होतो. नव्या वेबसाइटवरून विदूषक कोणी काढला? मी. फोटो लावा, गंभीर दिसतं, असं म्हटलं मी. त्यावर कोण चिडलं?"

"मावशी," हत्तीवाला घाईने म्हणाला. आपल्यावरचं बालंट जात असेल तर त्याला हवंच होतं.

"मावशी रडली होती त्या दिवशी," धाकटी म्हणाली. "पण दादा, ती इथे नव्हतीच! आठवडाभर ती गावात नव्हती. काल आली तेव्हा आपण टेबलावर बसलेलो होतो. जेवण होईपर्यंत ती माझ्या शेजारून हलली नाही. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता."

"आणि ती आल्यावर संगणकाला हात कसा लावणार? ऑफिस बंद," दादा म्हणाला.

ज्याला राग होता तो इथे नव्हता. जो बाहेर होता त्याला नाकाचा रंगही धड दिसत नव्हता, आणि डबा तर त्याच्या लॅपटॉपवरून नाही, इथल्या संगणकावरून गेला होता. ज्याच्याकडे किल्ली होती तो सगळ्यांसमोर बसून सूप पीत होता.

घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"बाराला हत्तीवाल्या कंपनीला फोन करतो," दादा म्हणाला. "सॉरी, धाकटे."

५

काकांनी चहा घेतला आणि ते जिन्यात जाऊन बसले. लिफ्ट तपासायचे दिवस होते तेव्हाही अडलं की ते जिन्यात बसत.

सकाळपासून त्यांनी एकच गोष्ट शोधली होती. राग. कोण कोणावर चिडलंय, कोणाला कोणाचं वाईट व्हायला हवंय. सगळ्यांनी भरभरून सांगितलं होतं. आणि त्या सगळ्या रागातून हाती काय आलं, तर एका माणसाच्या बायकोचा गाण्याचा क्लास.

त्यांना काकूंची आठवण आली. काकू गेल्याला वर्ष होत आलं होतं.

काका पूर्वी वस्तू हरवायचे. फार हरवायचे. पाकीट, छत्री, पगाराच्या दिवशीची मिठाई, एकदा तर दोन्ही चपला. मग ते घरभर फिरत, चिडत, कपाटं उपसत. काकू जागच्या हलत नसत. भाजी निवडता निवडता त्या फक्त विचारत, "अहो, तेव्हा तुम्ही कशावर खूश झाला होतात?"

"खुशीचा काय संबंध? पाकीट हरवलंय माझं!"

"माणूस रागावला की वस्तू आपटतो. आपटलेली वस्तू सापडते, आवाज होतो ना तिचा. माणूस खूश झाला की वस्तू अलगद ठेवून देतो. ती हरवते. आठवा बघू, कशावर हसत होतात?"

आणि काकांना आठवायचं. कोपऱ्यावर जुना मित्र भेटला होता, त्याच्या गप्पांत पाकीट पानवाल्याच्या कठड्यावर राहिलं. दरवेळी असंच.

काका चहा तसाच ठेवून उठले. आत येऊन त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"एकच प्रश्न. काल संध्याकाळी तुम्ही सगळ्यात जास्त कधी हसलात?"

"काका, आता हसायची वेळ आहे का?" दादा म्हणाला.

"तू सांग रे."

दादाने सुस्कारा सोडला, पण त्याचे ओठ हलायला लागले. "ते फोटो. मावशीच्या भाचीचे. टोपी डोळ्यांवर घसरलेला."

"जांभई देतानाचा!" धाकटी म्हणाली. "आणि दादा म्हणाला, ही तर मीटिंगमध्ये बसलेल्या हत्तीवाल्यासारखी दिसते."

"मी फोन संपवून आलो तेव्हा सगळे एकमेकांवर पडून हसत होते," हत्तीवाला म्हणाला. "सूप कधी आलं कोणी बघितलंच नाही. गार झालं होतं. मी सगळ्यांचं प्यायलो."

"म्हणजे सूप येत होतं, तेव्हा आपण फोटो बघत होतो," काका म्हणाले.

"हो."

"क्लाउडवर जुना डबा गेला तो त्याच वेळी."

हत्तीवाल्याने खुर्ची पुढे ओढली.

"आता सांगा," काका म्हणाले, "फोटो बघत होतो कशावर? मोबाइलवर?"

"नाही," धाकटी सावकाश म्हणाली. "मोबाइलवर नाक-डोळे नीट दिसत नाहीत म्हणून मावशीने..."

तेवढ्यात दार उघडलं. "काय ग, कोणाची नाकं बघताय?" मावशी आत आली. तिच्या खांद्यावर लॅपटॉपची पिशवी होती.

६

"मावशे, बैस," काका म्हणाले. "भाची कशी आहे?"

"अहो काका, काय सांगू! हसते. डॉक्टर म्हणतात गॅस आहे, पण ती मला बघून हसते." मावशीने सगळ्यांचे चेहरे पाहिले. "काय झालंय? कोणी तरी मेल्यासारखे का बसलात?"

"मरायला टेकलंय. ते नंतर. आधी मला सांग, बाईंच्या जुन्या विदूषकाचं नाक कुठल्या रंगाचं?"

"लाल. पिकल्या टोमॅटोचं लाल. दादाला विचारा, त्याने..." मावशी थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. "अगबाई. हिरवं."

दादा ताडकन उभा राहिला. काकांनी त्याला हातानेच खाली बसवलं.

"हिरवं कधी झालं?"

"काल. बसमध्ये. पण ते तुम्हाला कसं कळलं? ते कोणी बघितलंच नाही, एका पोरीशिवाय!" मावशी पार गोंधळली होती. "माझ्या शेजारी एक बाई होती, तिची छोटी मुलगी रडून रडून लाल झाली होती. बिस्किटं झाली, गाणी झाली, सगळी बस कावली. मग मी लॅपटॉप काढला. जुन्या वेबसाइटवर विदूषकाचं नाक दाबलं की तो शिंकतो ना? ते दाखवलं. ती थोडी थांबली. मग मी म्हटलं, बघ, याला सर्दी झालीय, आणि नाक हिरवं करून टाकलं. काका, ती पोर जी हसायला लागली! नाक दाबते, तो शिंकतो, ती खिदळते. उतरेपर्यंत नाकच दाबत होती."

"नाक हिरवं केलंस, पण ते पानावर कसं आलं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. ती खुर्चीच्या कडेवर आली होती.

"म्हणजे काय? बांधावं लागलं ना पुन्हा. सांडशीने बांधलं. तुझी सांडशी बरी, बसच्या हादऱ्यातसुद्धा चालते."

"उचललं नाहीस?"

"कशी उचलणार? रस्त्यात नेट कुठे होतं? आणि मी कशाला उचलू, खेळ चालला होता नुसता."

"तुझ्याकडचा कच्चा माल आठवड्यापूर्वीचा होता."

"हो ग. बहिणीकडे लॅपटॉप उघडलाच नाही मी. तिथे बाळ बघू की..."

धाकटीने टेबलावर थाप मारली. "सामायिक फोल्डर!"

७

मग ती इतकी भराभर बोलायला लागली की काकांना तिला थांबवून एकेक गोष्ट सुटी करून घ्यावी लागली.

"मी सांगतो, तू चूक असेल तिथे टोक," ते म्हणाले. "या ऑफिसातल्या सगळ्या संगणकांत एक सामायिक फोल्डर आहे. कच्चा माल त्यात, डबाही त्यात. एकाने काही बदललं की ते आपोआप सगळ्यांकडे जातं. दोन ठिकाणी वेगळं असेल, तर ज्याची वेळ नंतरची ते खरं धरलं जातं. बरोबर?"

"बरोबर."

"हे रोज होतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. पंखा फिरतोय हे कोणाला आठवतं? बंद पडल्यावर आठवतं. आता बघा. काल दुपारी धाकटीने नवा डबा बांधला. त्यानंतर मावशीने बसमध्ये जुन्या मालाचा डबा बांधला. माल जुना, पण बांधल्याची वेळ नंतरची. नेट नव्हतं, म्हणून तो डबा लॅपटॉपमध्येच राहिला. संध्याकाळी ती खानावळीत आली."

"आणि भाचीचे फोटो दाखवायला लॅपटॉप उघडला," हत्तीवाला म्हणाला. त्याचे डोळे मोठे झाले. "तिथलं वायफाय! आपण नेहमी जातो, त्याला आपले सगळे लॅपटॉप ओळखतात. उघडल्याबरोबर जोडला गेला असेल."

"जोडला गेला. लॅपटॉपने बघितलं, माझ्याकडचा डबा नंतरचा आहे. दिला पाठवून. बंद ऑफिसात, कुलपाच्या आत, इथल्या संगणकावरचा नवा डबा जाऊन जुना आला. पानांचं उलटं झालं. पानं धाकटीची नंतरची होती, म्हणून इथली पानं नवीच राहिली. भाजी आजची, डबा गेल्या आठवड्याचा. आणि समोर पहाऱ्यावर कोण?"

"सांडशी," धाकटी म्हणाली. "डबा बदललेला दिसला, तिने उचलला."

"गुन्हा कुठे झाला विचारशील दादा, तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हत्तीवाला सोडून आपण चौघंही त्या लॅपटॉपला नाकं लावून बसलो होतो. आणि हसत होतो."

मावशी रडवेली झाली. "म्हणजे मीच केलं?"

"आपण सगळ्यांनी केलं. दादाने जेवायला नेलं, धाकटी खुशीत पहारा लावून उठली, तू खुशीत लॅपटॉप उघडलास. रागाने कोणी काही केलं असतं, तर सकाळीच सापडलं असतं."

"ऐकायला छान आहे," दादा म्हणाला. "पण सिद्ध करा."

धाकटीने बाईंच्या वेबसाइटची एक खोटी प्रत बनवली, चुकलं तर खऱ्या वेबसाइटला धक्का नको म्हणून. मावशीच्या लॅपटॉपचं नेट बंद केलं. मावशीने जुन्या मालाचा डबा बांधला आणि या खेपेला नाक जांभळं केलं. इथल्या संगणकावर सांडशी पहाऱ्यावर बसवली. मग सगळे बाहेर जिन्यात आले, आणि दादाने स्वतः ऑफिसला कुलूप घातलं.

"लाव नेट," काका म्हणाले, "आणि फोटो दाखव."

मावशीने नेट लावलं आणि भाचीचा टोपीवाला फोटो उघडला. एवढ्या ताणातही हत्तीवाल्याला हसू फुटलं. दादा स्वतःच्या मोबाइलवर ती खोटी वेबसाइट बघत होता. नवी. नवी. अजून नवीच.

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"जांभळं," दादा म्हणाला. मग तो ओरडला, "जांभळं नाक! जांभळं!"

वरच्या मजल्यावरचे शेजारी दार उघडून बाहेर आले. जिन्यात पाच माणसं जांभळं जांभळं म्हणत नाचत होती. शेजाऱ्यांनी दार हळूच लावून घेतलं.

८

"म्हणजे सांडशीचा दोष नाही?" आत आल्यावर दादाने विचारलं.

"आहे, थोडा," धाकटी म्हणाली. आता तिच्या अंगात जोर आला होता. "दुसऱ्याने बांधलेला डबा तिने उचलायला नको होता. यापुढे पहाऱ्यावर असताना ती स्वतः तिथे बांधलेलाच डबा उचलेल. एक ओळ वाढवते."

"वाढव, वाढव," हत्तीवाला म्हणाला. "आज एक ओळ. उद्या सोंड फुटेल."

"तुम्हाला काय कळतं सांडशीतलं?"

"मला?" हत्तीवाला छाती काढून म्हणाला. "अग, तीन महिने वाप..." आणि त्याने काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. पण उशीर झाला होता. धाकटीने त्याचा पिच्छाच पुरवला, आणि शेवटी त्याने गाण्याच्या क्लासची सगळी कहाणी सगळ्यांसमोर सांगितली. दादा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हत्तीच्या कंपनीला करायचा फोन तो विसरूनच गेला.

बाराला थोडा वेळ होता तेव्हा बाहुलीवाल्या बाईंचाच फोन आला. दादाने तो कानापासून हातभर लांब धरला.

"तिकिटांचं बटण आलं, छान! पण तो सर्दीवाला विदूषक कुठे गेला?"

"काढला, बाई. चुकून आला होता. माफ करा."

"काढला कशाला? सकाळपासून माझ्याकडे पालकांचे फोन येतायत. पोरं नाक दाबून दाबून हसतायत म्हणे, तो शिंकणारा कोणत्या खेळात आहे विचारतायत. मी तशीच बाहुली शिवायला टाकली. आणा त्याला परत! आणि नाक हिरवंच ठेवा!"

मावशी खुर्चीवर उभी राहिली. दादाने हात जोडले. "गंभीर दिसतं म्हणणारा मीच मूर्ख," तो म्हणाला. विदूषकाचं चित्र कच्च्या मालात एका कोपऱ्यात पडून होतं. उघडून बघितलं तर त्याचंही नाक हिरवं झालेलं. सकाळपासून सगळ्यांनी पानं तपासली होती, चित्राकडे कोणी बघितलंच नव्हतं. मावशीने ते नव्या पानावर तिकिटांच्या बटणाशेजारी बसवलं, धाकटीने बांधलं, सांडशीने उचललं. बारा वाजता तिकिटं सुरू झाली, आणि जो तिकीट घ्यायला येई तो आधी नाक दाबून बघे.

दुपारी दादाने सांडशी जगाला खुली केली. त्यासोबत चार ओळींची माहिती लिहायची होती. धाकटी म्हणाली, काका, पहिली ओळ तुम्ही सांगा. काकांनी बराच विचार केला आणि सांगितली, "खुशीत असाल तर पहारा बंद करून उठा." तीच राहिली. मग केक आला, मावशीने पुन्हा फोटो काढले, हत्तीवाल्याने बायकोला फोन लावून तिला गायला लावलं. काकांनी ताल धरला. कितीतरी दिवसांनी त्यांनी ताल धरला होता.

उजेड असतानाच ते घरी निघाले. गुणगुणत जिना चढले, दारासमोर उभे राहिले आणि खिशात हात घातला.

किल्ली नव्हती.

दुसरा खिसा पाहिला. पिशवी पाहिली. पुन्हा पहिला खिसा. गेल्या वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. त्यांच्या हातून काहीही हरवत नव्हतं, आणि ते का, हे त्यांना आत्ता बंद दारासमोर उभं राहून कळलं.

काकांनी डोळे मिटले. आत भाजी निवडत कोणीतरी विचारत असल्यासारखं त्यांना वाटलं. कशावर खूश झाला होतात?

ताल धरायला त्यांनी हात मोकळा केला होता. किल्ली केकच्या ताटलीशेजारी ठेवली होती, अलगद.

ते पायरीवर बसले आणि एकटेच हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मग धाकटीला फोन लावला.

"पोरी, अजून ऑफिसात आहात ना? थांबा. माझी किल्ली हरवलीय."

"तुमची?" पलीकडून चार जण एकदम ओरडले.

"माझी," काका म्हणाले, आणि गुणगुणत जिना उतरू लागले.